सोलर-बॅटरी लावली, डिझेल बंद केलं, तरी बेटावरची लाइट पुन्हा पुन्हा का जाते?

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. बेटावर वर्षानुवर्षं डिझेल जनरेटर चालत होते. मग सोलर आलं, बॅटरीचे कंटेनर आले, डिझेल दिवसाचे काही तास बंद ठेवायला सुरुवात झाली. पहिला महिना बरा गेला. नंतर दर दोन-चार दिवसांनी सगळं बेट एकदम अंधारात. ऑपरेटर पुन्हा डिझेल लावतो आणि मग ते चालूच ठेवतो, कारण रोज शिव्या खायची कोणाची तयारी नसते. सोलर छतावर, बॅटरी कंटेनरमध्ये आणि डिझेलचा खर्च होता तिथेच.

अशा वेळी लोक आधी विचारतात, बॅटरी कमी पडतेय का? अजून किती घ्यावी? माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: लाइट किती वाजता जाते? ऊन असताना की ढग असताना? की पहाटे? अशा नेटवर्कमध्ये ट्रिपची, म्हणजे यंत्रणा स्वतःहून बंद पडण्याची, वेळ पाहिली की अर्धं निदान होतं. बॅटरी खरोखरच लहान आहे असं शेवटी निघतं, पण क्वचित. बहुतेक वेळा भानगड सेटिंगमध्ये असते.

आधी घड्याळं जुळवा

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच कोणी करत नाही. बॅटरी इन्व्हर्टर, बीएमएस (बॅटरीच्या सेलवर लक्ष ठेवणारी यंत्रणा), सोलर इन्व्हर्टर, जनरेटरचा कंट्रोलर आणि फीडरवरचे (वस्तीकडे जाणाऱ्या वीजवाहिनीवरचे) बिघाड ओळखून लाइन तोडणारे रिले, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं असतं. एका ठिकाणी बीएमएस चार मिनिटं मागे होतं. त्यामुळे लॉगमध्ये बॅटरी आधी सुटली आणि मग फ्रीक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, हर्ट्झमध्ये मोजतात ती) चढली असं दिसत होतं. प्रत्यक्षात झालं होतं उलटं. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली की माणूस आठवडाभर चुकीच्या कपाटात डोकं घालून बसतो.

दुसरं, पंधरा मिनिटांच्या सरासरीचा आलेख इथे काही कामाचा नाही. एका सेकंदाची नोंद मिळाली तर उत्तम, त्याहून बारीक मिळाली तर सोन्याहून पिवळं. ट्रिपनंतर स्क्रीनवर चाळीस अलार्म असतात. त्यातला पहिला महत्त्वाचा, बाकीचे त्याच्या मागून आलेली वरात. रीसेट दाबण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा.

फ्रीक्वेन्सी कोण धरून आहे?

डिझेल चालू असताना हा प्रश्न कोणाला पडत नाही. जनरेटरचा जड रोटर फिरत असतो, गव्हर्नर त्याचा वेग सांभाळतो, आणि बाकी सगळे त्याच्या तालावर चालतात. डिझेल बंद केलं की तो ताल दुसऱ्या कोणीतरी द्यायला हवा. साधा सोलर इन्व्हर्टर ते करत नाही. तो समोरच्या ग्रिडचा व्होल्टेज बघतो, त्याच्याशी जुळवून घेतो आणि करंट सोडतो. त्याला ग्रिड फॉलोइंग म्हणतात. ग्रिड गेलं की तोही बंद, आणि तसंच असायला हवं. ताल देणारा इन्व्हर्टर तो ग्रिड फॉर्मिंग, आणि डिझेल-बंद अवस्थेत किमान एक बॅटरी इन्व्हर्टर या मोडमध्ये असलाच पाहिजे. कागदावर तो असतोच. प्रत्यक्षात मेंटेनन्सनंतर कोणीतरी फॉलोइंगमध्ये ठेवून गेलेला असतो. स्क्रीनवर जाऊन स्वतः बघा. फोनवर विचारू नका.

स्वच्छ ऊन, भर दुपार

लोकांना सगळ्यात जास्त चक्रावून टाकणारी तक्रार ही. ढग नाही, वारा नाही, ऊर्जा ओसंडून वाहतेय आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते.

होतं काय, तर बॅटरी भरत येते. सोलरचं उत्पादन लोडपेक्षा जास्त असतं आणि जास्तीची वीज बॅटरीत ढकलली जात असते. बॅटरी भरली की तिला जागा नाही. मग सोलरने हात आखडता घ्यायला हवा. त्याला हे कळवायची जुनी आणि साधी युक्ती म्हणजे फ्रीक्वेन्सी. ग्रिड फॉर्मिंग इन्व्हर्टर मुद्दाम फ्रीक्वेन्सी वर नेतो, आणि ती वाढेल तसं सोलर इन्व्हर्टरने उत्पादन हळूहळू कमी करायचं. वायर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. कल्पना झकास आहे. फक्त एक अट: प्रत्येक सोलर इन्व्हर्टरला ती भाषा यायला हवी.

बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये मुख्य भूमीच्या मोठ्या ग्रिडची सेटिंग तशीच राहिलेली असतात. तिथे फ्रीक्वेन्सी थोडी चढली की हळूहळू कमी होणं नाही, सरळ बंद. जर्मनीत याच कारणाने ५०.२ हर्ट्झचा प्रश्न उभा राहिला होता. जुन्या नियमानुसार तिथले लाखो सोलर इन्व्हर्टर ५०.२ हर्ट्झला एकदम बंद पडले असते, म्हणून २०१२ च्या नियमाने त्यांची सेटिंग बदलून घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या ग्रिडला ज्याची धास्ती वाटली, ते बेटावर रोज दुपारी घडतं.

एका छोट्या नेटवर्कवर मी हेच बघत बसलो होतो. लाइट आधी मिचकायची, पाच-सहा वेळा मिचकावली की एखाद्या दिवशी पूर्ण जायची. सगळ्यांचं मत एकच, बॅटरी खराब आहे. एक रॅक बदलायची तयारीही झाली होती. लॉगमध्ये सोलरचं उत्पादन शून्यावर आलेल्या वेळा मी कागदावर उतरवल्या: ११:४२, ११:४८, ११:५४, १२:००. सहा-सहा मिनिटांचं अंतर. खराब बॅटरी इतकी शिस्तशीर नसते. इन्व्हर्टरचं मॅन्युअल काढलं तर ट्रिपनंतर पुन्हा जोडणीची वेळ ३०० सेकंद. पाच मिनिटं थांबायचं, सगळ्यांनी एकदम जोडायचं, मिनिटभरात फ्रीक्वेन्सी पुन्हा वर आणि सगळे एकदम बाहेर.

पण मिचकावणं म्हणजे लाइट जाणं नव्हे. पूर्ण का जाते, ते कळत नव्हतं. ते तिथल्या ऑपरेटरने सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, टाकी भरली की लाइट जाते." खोलीतले दोघे-तिघे हसले. मी लॉग पुन्हा बघितला आणि हसू आवरतं घेतलं. पाण्याच्या पंपाचा फ्लोट स्विच दुपारी कधीतरी पंप बंद करायचा. बेटावरचा मोठा लोड एका क्षणात गायब. तोच क्षण सोलर नुकतं परत आल्याचा असला, तर ती सगळी वीज भरलेल्या बॅटरीत घुसायची, सेलचा व्होल्टेज मर्यादेपलीकडे जायचा आणि बीएमएस बॅटरी वाचवण्यासाठी कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरीचा मुख्य स्विच, उघडायचं. ताल देणाराच गेला. मग अंधार.

उपाय करताना क्रम असा ठेवा. प्रत्येक सोलर इन्व्हर्टरमध्ये फ्रीक्वेन्सीप्रमाणे उत्पादन कमी करण्याची सोय चालू करा, आणि उतार सौम्य ठेवा. ५० हर्ट्झच्या नेटवर्कवर उदाहरणार्थ ५०.५ ला कमी व्हायला सुरुवात आणि ५१.५ ला शून्य. ट्रिपची मर्यादा या पट्ट्याच्या वर हवी, आत नको. नेमके आकडे तुमच्या नेटवर्कच्या नियमांप्रमाणे आणि बॅटरी इन्व्हर्टर किती वर जाऊ शकतो ते बघून ठरवा. परत जोडणी झाल्यावर उत्पादन एकदम नको, चढत जाऊ द्या. सगळे इन्व्हर्टर एकाच सेकंदाला जागे होणार नाहीत अशा वेळा वेगवेगळ्या ठेवा.

मुख्य प्रकल्पाचे इन्व्हर्टर नीट केल्यावरही त्रास राहिला तर लोकांच्या छतांवर बघा. दुकानावर, हॉटेलवर, शाळेवर लावलेले छोटे इन्व्हर्टर कोणाच्याच यादीत नसतात. त्यांची बेरीज कधीकधी मुख्य प्रकल्पाच्या निम्मी निघते.

अजून एक बारकावा, कारण इथे अनुभवी माणसंही चुकतात. बॅटरी ९४ टक्के दाखवतेय म्हणजे अजून सहा टक्के जागा आहे असं नसतं. भरत आल्यावर बीएमएस चार्जिंगचा परवानगीचा करंट खाली आणत जातं. टक्केवारी बघू नका, 'आत्ता किती करंट घेऊ शकते' तो आकडा बघा. तो जिथून घसरायला लागतो त्याच्या आधीच सोलर कमी व्हायला हवं.

आणि जास्तीची वीज वाया घालवायची नसेल तर तिला काम द्या. स्कॉटलंडजवळच्या एग बेटाने २००८ मध्ये स्वतःचं ग्रिड सुरू केलं, त्यात पाणी, वारा आणि सूर्य तिन्ही आहेत. तिथे जास्तीच्या विजेवर सार्वजनिक हॉल गरम केला जातो. घरांना एका वेळी ५ किलोवॉट आणि व्यवसायांना १० किलोवॉटची मर्यादा आहे. उष्ण हवेच्या बेटावर हीटर कोणाला हवाय, पण खारं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प, बर्फाचा कारखाना, पंप हे सगळे दुपारी हक्काचे गिऱ्हाईक आहेत. आमच्या त्या नेटवर्कवर पंपाची सुरुवात अकराऐवजी साडेबाराला नेली आणि त्याला हळू थांबवणारा ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) लावला. रॅक बदलावा लागला नाही.

डिझेल चालू, तरी दुपारीच ट्रिप

हा त्याचाच चुलतभाऊ. सुरक्षित वाटावं म्हणून एक डिझेल चालूच ठेवलेलं असतं. सोलर वाढतं, डिझेलवरचा लोड घसरत जातो, शून्याखाली गेला की जनरेटर मोटरसारखा फिरवला जातो आणि रिव्हर्स पॉवर रिले त्याला बाहेर काढतो. लॉगमध्ये तो रिले पहिला दिसला तर डिझेलवर किमान लोड उरेल तिथपर्यंतच सोलरला वर येऊ द्या. साधारण ३० टक्क्यांखाली डिझेल तासन्‌तास चालवू नये. इंधन पूर्ण जळत नाही, धुराड्यातून काळं तेलकट गळायला लागतं, लायनर गुळगुळीत होतात. 'डिझेल कमी जळतंय' म्हणून खूश होणाऱ्यांनी एकदा एक्झॉस्टचा जोड हाताने पुसून बघावा.

ढग आला की

इथे हिशोब करून बघण्यासारखा आहे. समजा एकच १००० केव्हीएचा जनरेटर चालू आहे आणि त्याचा जडत्व स्थिरांक (फिरत्या रोटरमधली ऊर्जा पूर्ण क्षमतेची वीज किती सेकंद पुरवेल तो आकडा) दीड सेकंद आहे. ढगामुळे किंवा इन्व्हर्टर सुटल्यामुळे २०० किलोवॉट एका झटक्यात गेले. तर फ्रीक्वेन्सी पडायचा सुरुवातीचा वेग ५० × ०.२ ÷ (२ × १.५), म्हणजे सेकंदाला ३.३ हर्ट्झ. अर्ध्या सेकंदात मदत आली नाही तर आपण ४८.३ वर. अंडर-फ्रीक्वेन्सी रिले फीडर सोडायला लागतात. फीडरबरोबर त्यावरचं छतावरचं सोलरही जातं, आणि घसरण आणखी वाढते.

खरा ढग मात्र एका झटक्यात येत नाही. मोठ्या प्रकल्पावरून सावली सरकायला काही सेकंद तरी लागतात, आणि बॅटरीला ते पुरेसे असतात. मग बॅटरी मदत का करत नाही? बहुतेक वेळा कारण हास्यास्पद असतं: बॅटरी तयार असते, तिला सांगणारा उशीर करतो. मध्यवर्ती कंट्रोलर दर सेकंद-दोन सेकंदांनी सगळ्यांची विचारपूस करतो, हिशोब मांडतो आणि मग बॅटरीला हुकूम सोडतो. तोवर खेळ संपलेला असतो. वेगाचं काम इन्व्हर्टरच्या आत, ड्रूप सेटिंगवर सोपवा. फ्रीक्वेन्सी पडली की त्याने कोणालाही न विचारता पॉवर द्यायची. मध्यवर्ती कंट्रोलरने मिनिटांचा विचार करावा, मिलिसेकंदांचा नाही.

मात्र हे करताना गेन, म्हणजे प्रतिसादाचा जोर, वाढवत सुटू नका. सगळ्या बॅटऱ्या ग्रिड फॉलोइंग मोडमध्ये राहून फार जोरात प्रतिसाद द्यायला लागल्या की एकमेकींशीच झोंबतात. हवाईच्या कवाई बेटावर नोव्हेंबर २०२१ मध्ये पहाटे मोठा जनरेटर अचानक सुटला. बॅटऱ्यांनी लोड उचलला, बेट अंधारात गेलं नाही, पण ग्रिडमध्ये १८ ते २० हर्ट्झची थरथर उठली आणि ती जायला वेळ लागला. काही बॅटरी प्रकल्प ग्रिड फॉर्मिंग मोडमध्ये नेल्यावर तसल्याच पुढच्या प्रसंगात ती थरथर दिसली नाही. तेव्हा ताल देणारे पुरेसे आहेत का ते आधी बघा, ढोल किती जोरात वाजवायचा ते नंतर.

टास्मानियाच्या किंग आयलंडने वेगळी वाट काढली. तिथे वाऱ्याची जास्तीची वीज एका मोठ्या रेझिस्टरमध्ये जाळत ठेवतात. वारा पडला की रेझिस्टर क्षणात सोडून देतात, आणि तीच वीज लोडला मिळते. वीज जाळून राखीव ताकद उभी करणं ऐकायला विचित्र वाटतं, पण चालतं.

पहाटे चार-पाचला

ऑपरेटर सांगतो, "बॅटरी ३५ टक्के होती आणि एकदम बंद पडली." तो खोटं बोलत नाही. स्क्रीन खोटं बोलते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा व्होल्टेज मधल्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. त्यावरून किती चार्ज उरलाय ते ओळखता येत नाही, म्हणून बीएमएस आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजून हिशोब ठेवतं. मोजणीत रोज थोडी चूक, आणि ती साठत जाते. वही पुन्हा कोरी होते ती बॅटरी पूर्ण भरल्यावर. पावसाळी हवेत आठवडे-आठवडे बॅटरी पूर्ण भरलीच नाही, तर ३५ म्हणजे खरे १२ असू शकतात. शिवाय मालिकेतला सगळ्यात कमजोर सेल आधी तळाला जातो आणि त्याच्यासाठी सगळी रांग थांबते. लॉगमध्ये सरासरी व्होल्टेज नको, सगळ्यात कमी सेल व्होल्टेज बघा. पहाटे तो कड्यावरून खाली पडल्यासारखा दिसेल.

दर एक-दोन आठवड्यांनी बॅटरी पूर्ण भरून काही वेळ तशीच ठेवा, लागलं तर डिझेल लावून. त्या दिवशी सोलर आधीच कमी करायला विसरू नका, नाहीतर वरचा दुपारचा त्रास होईल. डिझेल सुरू करण्याचा हुकूम फक्त टक्केवारीवर ठेवू नका, किमान सेल व्होल्टेजची अट जोडीला द्या.

आणि मग ती फजिती, जी मी दोनदा पाहिली. हुकूम वेळेवर गेला, डिझेल सुरूच झालं नाही. तीन आठवडे सोलरवर छान चाललं होतं, त्या काळात डिझेलची स्वतःची स्टार्टर बॅटरी उतरून गेली होती. शेजारच्या कंटेनरमध्ये मेगावॉट-तासांची साठवण आणि इंजिन फिरवायला २४ व्होल्टची जुनी लेड-ॲसिड निकामी. आठवड्यातून एकदा डिझेल लोडवर चालवून बघा. रिकामं फिरवून नाही.

अमेरिकन सामोआतल्या ताऊ बेटावर २०१६ मध्ये ६०० हून कमी लोकांसाठी १.४ मेगावॉट सोलर आणि ६ मेगावॉट-तास बॅटरी बसवली, तीन दिवस उन्हाशिवाय निघतील या हिशोबाने. तेवढी गादी जाड असेल तर मोजणीतल्या चुका खपून जातात. बहुतेक ठिकाणी साठवण एका रात्रीपुरती असते.

वेळ-काळ नाही, वारा सुटला की

एका फीडरवर फांदी टेकते आणि सगळं बेट जातं. डिझेलच्या काळात फक्त त्या गल्लीचा फ्यूज जायचा. फरक शॉर्ट-सर्किट करंटचा आहे. ४०० व्होल्टला ५०० केव्हीएच्या इन्व्हर्टरचा पूर्ण करंट सुमारे ७२० अँपिअर. शॉर्ट झाल्यावर तो १.२ पट देतो असं धरलं तर ८६६. समोर ४०० अँपिअरचा फ्यूज असेल, तर त्याच्यासाठी हे दोन पटींहून थोडंच जास्त झालं. तो वितळायला मिनिटं घेईल. इन्व्हर्टर तेवढा वेळ तग धरत नाही, काही क्षणांत स्वतःच सुटतो. लॉगमध्ये व्होल्टेज कोसळलेला आणि इन्व्हर्टरचा ओव्हरकरंट पहिला दिसला की हेच समजा.

इथे सेटिंग बदलून सगळं भागत नाही. फीडर लहान तुकड्यांत वाटून छोटे फ्यूज लावा, व्होल्टेज पडल्यावर काम करणारे रिले बसवा. बॅटरी इन्व्हर्टर लोडपेक्षा बरेच मोठे घेता आले तर बरं. जुन्या जनरेटरचं इंजिन सोडवून अल्टरनेटर नुसताच फिरता ठेवण्याचा पर्यायही आहे. तो शॉर्ट-सर्किट करंटही देतो आणि जडत्वही.

परत उठवताना पुन्हा पडतं

ट्रान्सफॉर्मरला एकदम पूर्ण व्होल्टेज दिला तर तो काही क्षण आपल्या करंटच्या आठ-दहा पट ओढतो. इन्व्हर्टर घाबरून सुटतो. तीनदा प्रयत्न होतात आणि मग कोणीतरी म्हणतं, डिझेलच बरं. मुख्य ट्रान्सफॉर्मर आधीच जोडून ठेवून इन्व्हर्टरने व्होल्टेज शून्यापासून चढवत नेला तर हा धक्का बसत नाही. बहुतेक ग्रिड फॉर्मिंग इन्व्हर्टरमध्ये ही सोय असते, फक्त बंद ठेवलेली असते. मग फीडर एकेक करून, मोठ्या मोटरींचा सगळ्यात शेवटी. छतावरचं सोलर पाच मिनिटांनी आपोआप जागं होणार आहे हे लक्षात ठेवा. तोवर त्याला पुरेल एवढा लोड जोडून झाला नसेल, तर पुढचा फीडर टाकायची घाई करा, चहा नंतर.